माती निरीक्षणाच्या राष्ट्रीय प्रकल्पात जाऊ का?

ढेकूळ:
मृदाशास्त्रात एम.एस्सी. झालंय, दोन वर्षं माती परीक्षण प्रयोगशाळेत काम केलंय. आता देशभरातल्या मातीच्या आरोग्यावर लक्ष ठेवणाऱ्या प्रकल्पात निवड झाली आहे. ठरलेल्या जागी दर पाच वर्षांनी जायचं, नमुने आणायचे, सेंद्रिय कर्ब (कार्बन), सामू (pH) वगैरे मोजायचं. ओळखीतले म्हणतात, यात संशोधन कसलं, नुसती मापं. रोजचं काम नेमकं कसं असतं?

चिकणमाती:
अकरा वर्षं हेच करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रयोगशाळेत माती तुमच्यापर्यंत पिशवीतून येते. इथे पिशवीत भरण्याआधीचं सगळं तुमच्या हातात असतं. जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यामुळे मागच्या फेरीचे फोटो आणि वहीतला हाताने काढलेला नकाशा सोबत ठेवावाच लागतो. जागा सापडली की वरचा पालापाचोळा बोटांनी बाजूला करायचा, खुरप्याने खरवडायचा नाही. कर्ब सगळ्यात जास्त असतो तो अगदी वरच्या थरात. तो थर गेला, की आकडा तिथेच पडला. गिरमिट 15 सेंटिमीटरच्या खुणेपर्यंत म्हणजे तिथवरच. 18 पर्यंत गेलं तर खालची कमी कर्बाची माती मिसळते आणि पाच वर्षांत जमिनीचा कर्ब घटला असं खोटंच दिसतं. खरा बदल इतका सावकाश होतो, की आपल्या हातची चूक त्याहून मोठी ठरू शकते.

बल्क डेन्सिटीसाठी, म्हणजे ठरावीक आकारमानाच्या कोरड्या मातीचं वजन काढण्यासाठी, कडं ठोकून ठरावीक आकारमानाची माती काढायला कंटाळू नका. हिशेब करून बघा: 15 सेंटिमीटर थर, घनता घन सेंटिमीटरला 1.3 ग्रॅम, कर्ब 0.60 टक्के, म्हणजे हेक्टरी 11.7 टन. ट्रॅक्टर फिरून जमीन दबली, घनता 1.4 झाली, टक्का तोच राहिला, तर 12.6 टन. जवळपास एक टन कर्ब 'वाढला', आणि जमिनीत आलं काहीच नाही, उलट ती बिघडली. म्हणून खोलीऐवजी मातीचं वजन सारखं धरून तुलना करावी लागते.

आता माझी चूक सांगते. एका फेरीत वॉकली-ब्लॅक ही रसायनांनी फक्त सेंद्रिय कर्ब मोजायची पद्धत सोडून नमुना जाळून कर्ब मोजणारं यंत्र वापरायला सुरुवात झाली. चुनखडीच्या जमिनींचे नमुने मी शेरा न लिहिताच पाठवले. जाळल्यावर चुनखडीतला कर्बही मोजला गेला आणि त्या पट्ट्यात कर्ब जवळजवळ दुप्पट दिसला. अहवाल जायच्या आठ दिवस आधी मला शंका आली. जुनी बरणी उघडून एका खड्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकला, तो फसफसला. मग आधीच्या फेरीच्या जपून ठेवलेल्या सगळ्या बरण्या काढल्या, दोन्ही फेऱ्यांची चुनखडी आम्लाने घालवली आणि एकाच यंत्रावर पुन्हा मोजलं. फरक उरलाच नाही. तेव्हापासून नमुन्यांच्या कोठाराची किल्ली मी माझ्याकडे मागून घेतली आहे. इंग्लंडमधल्या रॉथम्स्टेड शेती संशोधन केंद्रात 1843 पासूनच्या प्रयोगांची माती अजून सांभाळून ठेवलीय, ती का, हे मला त्या आठवड्यात कळलं.

'नुसती मापं' म्हणणाऱ्यांना इंग्लंड-वेल्सचं उदाहरण द्या. नकाशावर आखलेल्या 5 किलोमीटरच्या जाळीवर 1978 ते 1983 मध्ये घेतलेल्या जागांपैकी बऱ्याच ठिकाणी 1994 ते 2003 मध्ये पुन्हा नमुने घेतले, आणि कर्ब मोठ्या प्रमाणात घटल्याचा निष्कर्ष 2005 मध्ये छापून आला. ब्रिटनच्याच दुसऱ्या एका सर्वेक्षणात मात्र 1978 ते 2007 दरम्यान वरच्या 15 सेंटिमीटरमध्ये एकूण फारसा बदल दिसला नाही. दोन्हीकडे जाणती माणसं. देशाचं धोरण यातल्या कुठल्या आकड्यावर उभं करायचं? याचं उत्तर शोधणं हे संशोधनच आहे. जा तुम्ही.

केशाकर्षण:
प्रयोगशाळेच्या बाजूने एक भर. प्रत्येक तुकडीत आधीच मोजून ठेवलेल्या मातीचा एक नमुना घालाच, आणि तो कुठला ते मोजणाऱ्याला सांगू नका. आमच्याकडे सामू मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचं माप हळूहळू चुकत चाललं होतं, ते त्यातूनच सापडलं.

जाळीकार:
ठरलेल्या जागी पाणी साचलंय, फाटक बंद आहे, तर शेजारचं सोयीचं शेत घेऊ नका. पर्यायी जागा सोडतीने आधीच ठरलेली हवी. सोयीच्या जागा घेत गेलं की देशाची नाही, रस्त्याकडेची माती मोजली जाते.

ढेकूळ:
ताई, तुमचा चुनखडीचा अनुभव वाचून आजच आम्लाचा थेंब टाकून बघायची सवय करायला घेतली. होकार कळवतोय. एक बारीक शंका: गिरमिटावर खोलीची खूण रंगाने करता का?

चिकणमाती:
नाही, खाच पाडून घ्या. रंग घासून जातो, आणि गेला हे ओल्या मातीत लक्षातही येत नाही.