आदिवासी मुलींना वर्ग आपला वाटावा यासाठी काय करावे?

वर्गशिक्षिका, पंचवटी:
मी नाशिक शहरातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला शिकवते. यंदा माझ्या वर्गात सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून आलेल्या चार मुली आहेत. त्या वसतिगृहात राहतात आणि घरी कोकणा बोली बोलतात. अभ्यासात त्या मागे नाहीत, वह्याही नीटनेटक्या असतात. परंतु शाळा सुरू झाल्यापासून एकीनेही वर्गात आपणहून तोंड उघडलेले नाही. गेल्या आठवड्यात उत्तर देताना एकीच्या तोंडून घरचा शब्द आला, मागच्या बाकांवर हशा पिकला, आणि हसणाऱ्यांना थांबवण्याऐवजी मी सवयीने आधी तिचाच शब्द दुरुस्त केला. ती खाली बसली तेव्हाचा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन आहे, त्या दिवशी या मुलींचे नृत्य ठेवावे, असे सहकारी सुचवतात. त्याने काही साधेल का?

निवृत्त मुख्याध्यापक, कळवण:
ताई, आपली चूक आपणच ओळखली आहे, त्यामुळे पुढचे काम कठीण नाही. आश्रमशाळेत शिकवताना मलाही हे उशिरा कळले की, बोलीतला शब्द खोडला म्हणजे मुलाला भाषा येते असे नाही. त्याला फक्त गप्प राहणे येते. मुलीने बोलीत उत्तर दिले तर आधी उत्तर बरोबर आहे का ते पाहावे, बरोबर असल्यास तसे सर्वांसमोर सांगावे, आणि मग पुस्तकातला शब्द फळ्यावर तिच्या शब्दाशेजारी लिहावा, तिचा शब्द पुसून नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्येही शक्यतोवर मातृभाषेतून शिकवावे आणि मुलाला भीतीपासून मुक्त ठेवून मोकळेपणाने मत मांडण्यास साहाय्य करावे, असे म्हटले आहे.

दुसरे असे की, ‘आदिवासी’ या एका शब्दाखाली सगळ्यांना बसवू नये. आपल्या जिल्ह्यात कोकणा आहेत, महादेव कोळी, वारली, भिल्ल, ठाकर आहेत, आणि त्यांचे देव, वाद्ये व बोलणे सर्वस्वी एक नाही. कोकणा मुलीच्या हाती वारली शैलीतले तारपा नृत्याचे चित्र देऊन ‘ही तुमची कला’ म्हणणाऱ्या शिक्षकाने तिला ओळखलेलेच नसते.

परिचारिका, मूळ पेठ तालुका:
मी नाशिकच्या वसतिगृहात राहून शिकले, म्हणून लिहिते. आम्हाला वर्षातून एक दिवस मंचावर नाचवत आणि उरलेले दिवस शेवटच्या बाकावर बसवत. नृत्य ठेवायचेच असेल तर मुलींना आधी विचारावे, त्या नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडावा, आणि ठेवलेच तर वर्गातल्या इतर मुलींनीही त्यांच्याकडून ते शिकून त्यांच्यासोबत नाचावे.

मला सर्वाधिक लागलेली गोष्ट मात्र वेगळीच होती. शिष्यवृत्तीचे अर्ज आणि जातीचे दाखले मागताना ‘आदिवासी मुलांनी उभे राहा’ अशी हाक भर वर्गात दिली जाई. त्यानंतर मधल्या सुट्टीत कोणीतरी ‘तुम्हाला सगळे फुकट मिळते’ असे म्हणतच असे. हे कागद बाजूला बोलावून मागता येतात. त्याला पैसाही लागत नाही आणि परवानगीही लागत नाही.

मार्गशीर्षात आमच्याकडे डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो, पावरी वाजते, उपवास धरलेली माणसे रात्रभर जागतात. त्या दिवसांत मूल घरी राहिले तर त्याला दांडीबहाद्दर ठरवू नये, परतल्यावर बुडालेला अभ्यास भरून द्यावा. पालकसभेचेही तसेच आहे. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबे दिंडोरी आणि निफाडच्या बागांत राबतात. रोजंदारी बुडवून कामाच्या दिवशी ती येऊ शकत नाहीत, आणि मग पालकांना आस्था नाही असा शेरा बसतो. माझ्या एका बाईंनी वडिलांना रविवारी वसतिगृहावर भेटायला बोलावले होते. वडील नागलीचे पापड घेऊन आले, बाईंनी ते सर्वांसमोर आनंदाने घेतले, आणि सोमवारी मी पहिल्यांदा हात वर केला.

शिक्षक, सिडको:
हसणाऱ्या मुलांचा प्रश्न मागे राहू नये. पूर्ण वर्गाला उपदेश केला तर सगळ्या नजरा पुन्हा त्याच चौघींकडे वळतात. हसलेल्यांशी स्वतंत्रपणे आणि स्पष्ट बोलावे. तसेच चौघींना एकमेकींपासून ओढून वेगळ्या बाकांवर बसवू नये. सध्या तोच त्यांचा आधार आहे. विज्ञानाच्या गटकामात दोघी-दोघी ठेवून इतर मुली जोडाव्यात आणि बियाणे, पाऊस, भातलावणी असा विषय घ्यावा, ज्यात गटाला त्यांच्या माहितीवाचून पुढे जाता येणार नाही.

वर्गशिक्षिका, पंचवटी:
सर्वांचे आभार. नृत्याचा विचार मी थांबवला आहे. आज त्या मुलीला बाजूला घेऊन, तिचे उत्तर बरोबर होते आणि मी ते सांगायला हवे होते, एवढे बोलले. ती काही बोलली नाही. उद्या तोच धडा पुन्हा घेणार आहे आणि तिची हरकत नसेल तर तिचा शब्द फळ्यावर लिहिणार आहे. सर, बोलीतले काही उच्चार देवनागरीत कसे लिहावेत हे मला कळत नाही. ते तिलाच विचारले तर तिला अवघडल्यासारखे होईल का?

निवृत्त मुख्याध्यापक, कळवण:
तिलाच विचारा, पण एकटीला नको. चौघींना मिळून विचारा. त्यांच्यात वाद होईल, होऊ द्या.