घर एकाच्या पगारात, दुसऱ्याचा पगार बाजूला: शहाणपण की चिकटपणा?

खर्चवही

मंडळी, वाद घरातच सुरू झालाय, म्हणून इथे मांडतोय. लग्नाला दीड वर्ष झालं. दोघंही नोकरी करतो, पुण्यात धायरीला भाड्याच्या वन बीएचकेत राहतो. माझे हातात ५२,००० येतात, बायकोचे ४६,०००. लग्न ठरलं तेव्हाच बोलणं झालं होतं की पहिली पाच वर्षं घर माझ्या पगारात चालवायचं आणि तिच्या पगाराला हात लावायचा नाही. उद्या मूल झालं, तिला वर्षभर घरी थांबावंसं वाटलं, तर एका पगाराची सवय आधीच झालेली असेल.

माझे ५२ असे जातात: मेंटेनन्स धरून भाडं १७,०००, गावी आईबाबांना ८,०००, किराणा ७,०००, दोन गाड्यांचं पेट्रोल ४,५००, भाजी-फळं ४,०००, लाईट-गॅस-नेट २,८००, कामवाल्या मावशी २,२००, दूध १,९००, बाहेर खाणं आणि सिनेमा मिळून २,५००. उरतात २,१००. ते औषधपाणी आणि आहेरात जातात. तिच्या पगारातून म्युच्युअल फंडात २५,००० ची एसआयपी (दरमहा ठरलेला हप्ता), पीपीएफमध्ये म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह खात्यात १२,५०० (पाच तारखेच्या आत, नाहीतर त्या महिन्याचं व्याज बुडतं), उरलेले ८,५०० अडीअडचणीसाठी आरडीत (आवर्ती ठेवीत).

परवा मावसभाऊ आला होता. आमचा फ्रिज ६,५०० ला घेतलेला जुना आहे, दार लावताना खालून गुडघ्याने रेटावं लागतं. तो म्हणाला, "दोघं मिळून लाखभर कमावता आणि ही भिकारलक्षणं?" मी हसण्यावारी नेलं. रात्री बायको म्हणाली, "तो चुकीचं काय बोलला?"

माझं काय चुकतंय?

भाकरतुकडा

काही चुकत नाही. मावसभावाला विचारा, त्याचा फ्रिज हप्त्यावरचा आहे का?

उद्या घरासाठी ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता ५२,००० च्या आसपास बसतो. म्हणजे तुमचा अख्खा पगार, आणि वीस वर्षांत ६५ लाख नुसतं व्याज. तेच कर्ज ४० लाखांचं असेल तर हप्ता पस्तीस हजारांच्या आत. मधले २० लाख आधी साठवायचे तर आत्ताच, पदरात पोर यायच्या आत. नंतर शाळेची फी भरायची की एसआयपी, असा प्रश्न रोज पडतो. आम्ही उभयतांनी हेच केलं, फ्रिज तर लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आला.

रविवारची_मिसळ

एक विचारू? लग्नात किती गेले?

खर्चवही

दोन्हीकडचे मिळून साधारण ११ लाख. त्यातले ३ लाख मी पर्सनल लोन काढले होते. गेल्या महिन्यात फिटलं, तेही माझ्या बोनसमधून.

रविवारची_मिसळ

हेच म्हणायचं होतं. एका दिवसाच्या कार्यालयाला आणि साडेतीनशे पानांना ११ लाख उडवायचे आणि मग दीड वर्ष गुडघ्याने फ्रिज रेटायचा. ही काटकसर नव्हे हो, हे प्रायश्चित्त आहे. आणि ते दोघांनी घ्यायचं कारण काय? बरा फ्रिज वीस-बावीस हजारांना येतो, म्हणजे तुमची एका महिन्याची एसआयपीसुद्धा नाही. सत्तेचाळीस टक्के बाजूला टाकताय, बेचाळीस टाकलेत तर आभाळ कोसळेल का?

काटकसर मोठ्या आकड्यांत करावी. सोन्याची घडणावळ, गाडीचं मॉडेल, पाहुण्यांना दाखवायला घेतलेली जास्तीची एक खोली. कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करून कुणी घर बांधलेलं मी पाहिलेलं नाही.

भाकरतुकडा

@मिसळ, बेचाळीसचे छत्तीस कधी होतात ते कळत नाही. "पाच हजारांनी काय होतंय" असं म्हणणारे सगळे माझ्याकडेच उसने मागायला येतात.

चाळीतला_जिना

इतका वेळ कुणी विचारलंच नाही, म्हणून मीच विचारते. खर्चवही दादा, ती २५,००० ची एसआयपी कुणाच्या नावावर आहे?

कारण सांगते. आमच्याकडेही हेच ठरलं होतं, फक्त उलटं. माझ्या पगारात घर आणि त्याचा पगार "भविष्यासाठी". तेव्हा ऐकायला छान वाटलं, बायकोच्या पगारावर घर चालतंय म्हणून सासरी कौतुकही झालं. नऊ वर्षं मी किराणा भरला, लाईटबिल भरलं, नणंदेच्या बाळंतपणाचं केलं. त्याच्या पगारातून फ्लॅट झाला. फ्लॅट त्याच्या नावावर, कारण "कर्ज माझ्या पगारावर मिळालंय ना." माझ्या पगाराचं काय झालं? ते आम्ही जेवलो.

भांडण नाही आमचं, नवरा चांगला आहे. पण गेल्या वर्षी माझ्या भावाला दुकानासाठी दीड लाख हवे होते, तेव्हा मला त्याच्याकडे मागावे लागले. मागितले आणि त्याने लगेच दिलेही. देताना म्हणाला, "परत कधी करेल तो?" नऊ वर्षं घरात पैसे घालताना मला कुणी विचारलं नव्हतं की हे परत कधी येतील.

तुमच्याकडे तिचा पगार साठतोय, म्हणजे वरवर तिची बाजू भक्कम. पण कागद कुणाच्या नावाने आहेत ते बघा.

भाकरतुकडा

ताई, तुमचा अनुभव खरा असेल, पण नवराबायकोत "तुझं नाव, माझं नाव" सुरू झालं की संसाराची सोसायटी होते. आमचं सगळं माझ्या नावावर आहे. बायकोला नॉमिनी केलंय. तिने कधी हिशेब मागितला नाही.

चाळीतला_जिना

काका, मागितला नाही की मागायची सोय ठेवली नाही?

अर्धा_चहा

भाकरतुकडा काका, नॉमिनीचं तेवढं नीट बघा. बँकेतल्या ठेवींचा किंवा म्युच्युअल फंडाचा नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हातात देऊन बँक मोकळी होते, हक्क वारसांचाच राहतो. नॉमिनी केलंय म्हणून मृत्युपत्र न करणारे खूप पाहिलेत.

खर्चवहींसाठी: पीपीएफ खातं दोघांच्या नावाने निघतच नाही, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटतो, खातं एकाचंच. दोघांना वेगळी खाती काढता येतात, वर्षाला प्रत्येकी दीड लाखाच्या मर्यादेत. पण नवी करप्रणाली घेतली असेल तर पीपीएफमध्ये भरलेल्या पैशांवर करात वजावट मिळत नाही, फक्त व्याज करमुक्त. तुमच्या पगारांवर नव्या प्रणालीत तसाही कर बसणार नाही. तेव्हा कर वाचतो या समजुतीने पीपीएफ भरत असाल तर थांबून विचार करा. पंधरा वर्षं पैसे अडकतात.

आणि पुढे फ्लॅट घ्याल तेव्हा: महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ७० लाखांच्या घरावर ७०,०००. नवऱ्याचं नाव घातलं की सवलत गेली. सरकारने तुमच्या घरातल्या वादाला भावही ठरवून दिलाय बघा :)

भिशीवाली

आमच्या इचलकरंजीत हा वाद होत नाही, कारण नवऱ्यांना माहीतच नसतं. बारा जणी, महिन्याला पाच हजार, चिठ्ठी निघेल तिला साठ हजार. व्याज शून्य. पण एसआयपी थांबवली तर कुणी दारात येत नाही, भिशी थांबवली तर अकरा जणी येतात.

रविवारची_मिसळ

भिशीला अनुमोदन. खर्चवही कुठे गेले?

खर्चवही

इथेच आहे. खाली बसून कागद काढले.

पीपीएफ तिच्या नावावर आहे. आरडी दोघांच्या. एसआयपी माझ्या नावावर. मुद्दाम नाही, माझं केवायसी आधीचं होतं, तिच्या पॅनकार्डवर माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं, म्हणून "नंतर करू" म्हणून राहिलं. तिचा पगार जॉइंट खात्यात येतो, तिथून माझ्या फोलिओत (फंडातल्या खात्यात) जातो. सोळा महिने झाले. चार लाख.

जिना ताई, हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

अर्धा_चहा

घाबरून विकू नका. घेऊन वर्ष न झालेल्या इक्विटी (शेअर बाजारातल्या) युनिटवर नफ्याच्या वीस टक्के कर लागेल. आहेत ती तशीच राहू द्या, हप्ता थांबवा आणि तिच्या नावाने नवी चालू करा. आधी तो आडनावाचा घोळ निस्तरा, तो पुढे प्रत्येक ठिकाणी आडवा येणार आहे.

भाकरतुकडा

ठीक आहे. कागदाचं पटलं. पण फ्रिजबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे.

खर्चवही

आता ही फोन मागतेय. तिलाच लिहायचंय म्हणे.

नमस्कार, मी यांची बायको. सगळं वाचलं. चार लाखांचं मला माहीत होतं, मीच ओटीपी सांगते दर वेळी. त्याचा राग नाही, आडनावाचं माझ्याकडूनच राहिलं. आता करते.

माझं म्हणणं निराळं होतं. महिन्याला यांनी दोन हजार आणि मी दोन हजार असे काढून ठेवायचे, ज्यांचा हिशेब वहीत लिहायचा नाही. गेल्या महिन्यात मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर एकशे ऐंशीची कॉफी प्यायले आणि वहीत "भाजी" लिहिलं. यांनी वही तपासली आणि म्हणाले, या आठवड्यात भाजी महाग झाली का. मी हो म्हटलं. तेव्हापासून डोक्यात आहे ते.

फ्रिजचं राहू दे. गुडघ्याची सवय झालीये. मिसळ दादा, दिवाळीनंतर किमती उतरतात का?

रविवारची_मिसळ

कधी कधी उतरतात वहिनी. जुना एक्स्चेंजला द्या, हजार-दीड हजार सुटतील. ते वहीत लिहू नका.