मदत हवी आहे: सकाळच्या बिझनेस ग्रुपमध्ये जावं का?

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं छोटं युनिट आहे. बीएनआयसारख्या (व्यावसायिकांचं नेटवर्क), एका व्यवसायाचा एकच सदस्य घेणाऱ्या आणि सदस्यांनी एकमेकांना गिऱ्हाईकं सुचवायची अशा एका ग्रुपमध्ये पाहुणा म्हणून जाऊन आलो. दर आठवड्याला भल्या सकाळी कोथरूडला मीटिंग, वार्षिक फी, वर नाश्त्याचे वेगळे. माणसं उत्साही आहेत (पोहेही चांगले होते!), पण बहुतेक विमा, इंटिरिअर, सीए, केटरिंगवाले. माझं गिऱ्हाईक म्हणजे चाकणचे फॅब्रिकेटर. त्यांच्यापर्यंत ही मंडळी मला कशी पोचवणार?

जॉबवर्कवाल्या कुणाला अशा ग्रुपमधून खरंच कामं मिळालीत का? की त्यापेक्षा सेनापती बापट रस्त्यावरच्या मराठा चेंबरचं (उद्योजक-व्यापाऱ्यांची संघटना) सभासदत्व बरं? शिवाय आपल्याकडे इतरांना द्यायला रेफरन्स (सुचवायला गिऱ्हाईकं) नसले तर दर आठवड्याला अवघडल्यासारखं होतं का? फी भरायच्या आधी स्पष्ट सांगा.