२००८ ची पोर्शे केमन एस बघून आलोय, टोकन देण्याआधी काय काय तपासू?

डोंगरवाट_पुणे

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं बाजूला टाकलेले पैसे आहेत त्यामुळे नीट विचारूनच पुढे जायचंय. अंधेरीला एका गृहस्थांकडे २००८ ची केमन एस आहे, ३.४ लिटर, टिपट्रॉनिक म्हणजे ऑटोमॅटिक गिअर, काळी, एमएच ०२ पासिंग, रनिंग फक्त ३८ हजार. ते दुसरे मालक. गाडी गेली चार वर्षं सोसायटीच्या बेसमेंटमध्ये कव्हर घालून उभी आहे पण महिन्यातून एकदा न चुकता स्टार्ट करून पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवतात म्हणाले, म्हणजे काळजी घेतलेली दिसते. शनिवारी जाऊन आलो, मी पोचलो तेव्हा गाडी चालूच होती, आजूबाजूच्या गल्ल्यांत दहा मिनिटं चालवली, आवाज ऐकून अंगावर काटा आला खरंच. पेंट चकाचक, सीटचं लेदर पण छान. २९ लाख म्हणतायत, रनिंग कमी आहे म्हणून एक रुपया कमी करणार नाही म्हणे, आणि अजून दोन पार्ट्या रांगेत आहेत तर दोन लाख टोकन देऊन ठेवा असं चाललंय. माझ्याकडे आजवर स्विफ्ट आणि मग ऑक्टाव्हिया, या जातीची गाडी पहिलीच. ज्यांनी वापरलीय किंवा जवळून बघितलीय त्यांनी सांगा, रविवारी परत जायचंय.

सपाटसहा

टोकन देऊ नकोस. आधी हे एवढं कर, बाकी सगळं नंतर वाच.

माझ्याकडे सहा वर्षं हीच गाडी होती, २००७ ची, म्हणून जीव तोडून लिहितोय. तुझ्या पोस्टमधलं जे वाक्य तुला चांगलं वाटतंय ना, महिन्यातून एकदा स्टार्ट करतात, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. या पिढीचं एम ९७ इंजिन आहे, सिलिंडरच्या आतली भिंत लोखंडी स्लीव्हची नाही, लोकासिल म्हणतात त्या सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमची आहे. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त पडतं, ते जास्तीचं पेट्रोल भिंतीवरची ऑइलची फिल्म धुऊन काढतं, नीट चालवली तर इंजिन तापून परत सगळं जागेवर येतं. पण उभ्या गाडीत नुसतं आयडलवर ठेवून बंद केलं तर दर वेळी धुलाई होते आणि ऑइलमध्ये पेट्रोल उतरत राहतं ते वेगळंच. मग पिस्टनवरचा कोट जातो आणि भिंतीवर उभ्या रेघा पडतात. बोअर स्कोअरिंग म्हणतात ते हेच आणि ३.४ ला हे दुखणं बऱ्यापैकी कॉमन आहे. बहुतेक वेळा सहा नंबरच्या सिलिंडरपासून सुरुवात होते. एकदा झालं की इंजिन खाली उतरवून पूर्ण खोलायचं, दुसरा उपाय नाही, आणि तो खर्च ऐकून बसायला होतं.

दुसरं म्हणजे तू गेलास तेव्हा गाडी चालू होती. का? या वेळी आधी फोन करून स्पष्ट सांग की मी येईपर्यंत चावी लावायची नाही. गेल्यावर आधी सायलेन्सरच्या पाइपजवळ हात ने, गरम लागला तर सरळ परत ये. गार असेल तर तुझ्यासमोर स्टार्ट करू दे आणि मागे उभा राहा. पहिल्या काही सेकंदांचा निळसर धूर या सिलिंडर आडवे झोपलेल्या इंजिनला चालतो, थोडं ऑइल सिलिंडरमध्ये पडून राहतं. पण मिनिटभर धूर येतच राहिला तर एअर ऑइल सेपरेटर (इंजिनातल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग) गेला किंवा त्याहून वाईट. मग वीसेक मिनिटं चालवून पूर्ण तापव आणि परत मागे कान दे. तापल्यावर टक टक टक असा बोथट आवाज, कोणीतरी आतून बोटाने ठोकतंय तसा, तो आला तर पुढचं काही बघू नकोस.

ऑइल बघायला यात डिपस्टिकच नाही, डॅशवर दिसतं, गाडी सपाट जागी पाहिजे.

खरी तपासणी म्हणजे सहाही प्लग काढायचे. काढले की कापडावर नंबरप्रमाणे ओळीत ठेवायचे. चांगल्या इंजिनचे सहा प्लग सख्ख्या भावांसारखे दिसतात, कोरडे, बिस्किटाच्या रंगाचे. एखादा काळा आणि ओला निघाला तर त्या सिलिंडरची चौकशी लावायची. मग कॅमेरा आत. आणि प्लगच्या भोकातून बघून समाधान मानू नकोस, रेघा भिंतीच्या खालच्या भागात पडतात, तिथवर वरून नीट दिसत नाही. ऑइल काढून खालचा संप, म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची परात, उघडला की तिथून कॅमेरा बरोबर पोचतो. ऑइल काढलंच आहे तर फिल्टरचा कागद पण कापून उन्हात धरायचा, धातूची चमचम दिसली की समजायचं.

आयएमएस बेअरिंगबद्दल (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) पण वाचशील नेटवर आणि घाबरशील. २००६ नंतर मोठं बेअरिंग आलं, ते जायचं प्रमाण आधीच्यापेक्षा खूपच कमी आहे. फक्त एवढं की गेलंच तर इंजिन खोलल्याशिवाय बदलता येत नाही. माझ्या मते तुझी काळजी बोअरची असू दे.

गॅरेजवाला_कोल्हापूर

वरच्या भाऊंनी इंजिनचं बरोबर सांगितलंय, मी बॉडीचं सांगतो. आमच्याकडे २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हापासून पाण्यातल्या इतक्या गाड्या हाताखालून गेल्यात की वासावरनं कळतं. पेंट चकाचक आहे म्हणून खूश होऊ नका, पॉलिश करायला एक दिवस लागतो. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढा, अगदी थांबेपर्यंत. बाहेरचा भाग धुतात, शेवटची फूटभर पट्टी कोण धूत नाही. तिथं गाळाची रेघ किंवा बुरशीचे ठिपके दिसले की गाडी पाण्यात होती. सीट पुढं सरकवून रेलचे बोल्ट बघा गंजलेत का, कार्पेट मुठीनं दाबून बघा. मुंबईच्या बेसमेंटमध्ये पाणी भरतं हे काय सांगायला नको, वॉचमनला सहज विचारा दरवर्षी पाणी कुठवर येतं, तो खरं सांगतो.

पेंट मीटर घेऊन जा, कंपनीचा पेंट साधारण १०० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो, अडीचशे-तीनशे आला तर परत मारलेला, पाचशेच्या वर गेला तर आत पुट्टी आहे. पुढच्या बंपरच्या जाळीत टॉर्च मारा, आत रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर असतो, तिथं पानं कुजून कंडेन्सर सडतो. मागच्या डिकीत कुलंटची टाकी आहे, ती तडकते, डिकीचं कार्पेट उचलून ओल आहे का बघा. स्पीडब्रेकरवरनं हळू घ्या, पुढनं कडकड आलं तर सस्पेन्शनचे खालचे आर्म गेले.

टायरवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी असले टायर दगड झालेले असतात, चारही बदलायचा खर्च किमतीतून वजा करा.

श्टुटगार्टकर

मी इकडे ऑटोमोबाइलमध्येच आहे, दोन मुद्दे जोडतो. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. दहावं अक्षर ८ पाहिजे, म्हणजे २००८ मॉडेल इयर. अकरावं यू दिसलं तर दचकू नका, या गाड्या फिनलंडमधल्या उसिकाउपुंकीला वाल्मेटच्या कारखान्यातही बनायच्या, यू त्याचंच. पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नंबर आणि ऑप्शन कोडचं स्टिकर असतं. ते गायब असेल तर झाकण बदललं असण्याची शक्यता आहे, मग पेंट मीटर तिथे दोनदा लावा.

कंपनीच्या कॉम्प्युटरवर लावलं की इंजिन एकूण किती तास चाललं तेही दिसतं. तासांनी किलोमीटरला भागा. ३८ हजार भागिले १६०० तास म्हणजे तासाला साधारण २४ किलोमीटर, शहरातल्या गाडीला पटण्यासारखं. पण तास चार हजार निघाले तर सरासरी साडेनऊवर येते, मग एकतर मीटर मागे फिरवलंय किंवा गाडी नुसती उभ्याउभ्या खूप जळलीय. या गाडीच्या बाबतीत दोन्ही वाईटच. आणि स्कॅनरवर रेडिनेस बघा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते, सगळे नॉट रेडी असतील तर कालच एरर पुसलेत किंवा बॅटरी काढली होती.

कागदवाली

गाडीचं मला फार कळत नाही पण एक विचारते, आरसी बघितलीत का? २००८ चं पासिंग म्हणजे पंधरा वर्षं २०२३ मध्येच संपली, आणि तेव्हा तर गाडी कव्हरखाली होती ना. रिन्यू केलेली नसेल तर ती आत्ता रस्त्यावर आणणंच बेकायदा आहे, इन्शुरन्सही हात वर करेल, मग ती दहा मिनिटांची चक्करसुद्धा जोखमीची होती. एप्रिल २०२२ पासून साध्या कारची रिन्युअल फी ५ हजार आणि इम्पोर्टेडची ४० हजार झाली, वर उशिराचा महिन्याला ५०० दंड, पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. हे सगळं विकणाऱ्याने स्वतःच्या नावावर करून द्यायला हवं, तुम्ही अंगावर घेऊ नका. परिवहनच्या साइटवर गाडी नंबर टाकून वैधता आणि बोजा दोन्ही आजच बघा. लोन फिटलं असं तोंडी सांगतात पण फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवण्याचा फॉर्म, दिलेला नसतो, मग आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं.

डोंगरवाट_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन आलो, लगेच लिहितोय.

ताई, तुमचं बरोबर निघालं, आरसी ऑगस्ट २०२३ लाच संपलीय. बोजा नाहीये. म्हणून गाडी रस्त्यावर नेलीच नाही, बेसमेंटमध्येच काय ते बघितलं. सीटबेल्ट स्वच्छ, शेवटपर्यंत ओढून बघितला. वॉचमन म्हणाला पाणी रॅम्पच्या तोंडाशी थांबतं, खाली येत नाही. पेंट मीटरवर पुढचं झाकण, दरवाजे सगळं १२० च्या आसपास, फक्त डावा मागचा फेंडर २८०. टायर २०१६ चे.

पाइप गार होता. स्टार्ट केल्यावर धूर आला आणि साधारण चाळीस सेकंदांनी थांबला. सोबत नेलेल्या मेकॅनिकने प्लग काढायला सुरुवात केली तेव्हा मालकांचा चेहरा उतरला पण नाही म्हणाले नाहीत. पाच प्लग सारखे. सहाव्या सिलिंडरचा काळा, आणि त्याच्या आट्यांवर ऑइल. वरून कॅमेरा घातला तर एका बाजूला दोन बारीक रेघा दिसल्यासारख्या वाटतात, मेकॅनिक म्हणतो खात्री देता येत नाही, संप उघडावा लागेल. मालक म्हणाले घरी विचारतो, गुरुवारी सांगतो. टोकन दिलं नाही. त्यांनीही पुन्हा मागितलं नाही.

सपाटसहा

आट्यांवर ऑइल वरून प्लग ट्यूबच्या सीलमधून पण उतरतं, तो खर्च किरकोळ आहे. म्हणून त्या एका प्लगवरून गाडी सोडू नकोस आणि घेऊही नकोस. प्लगचं टोक ओलं होतं की नुसतं काळं, फोटो असेल तर टाक. आणि संप उघडायला हो म्हणाले तर मला कळव, मी गोरेगावला राहतो, लांब नळीचा कॅमेरा माझ्याकडे आहे, घेऊन येतो.