पेव नक्की कशाचं फुटतं?

बोरिवली स्लो:
सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, "टोमॅटोच्या भावाचं पेव फुटलंय." मिनिटभरात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा व्हॉइस मेसेज: "अगं, भाव कडाडतात. पेव कसलं फुटतंय त्यांचं!" काकू शाळेत मराठीच्या बाई होत्या, त्यामुळे उलट बोलायची सोय नाही. पण पेव फुटणं म्हणजे भराभर वाढणंच ना? मग चुकलं कुठे?

गिरगावकर:
काकू बरोबर आहेत. ३६ वर्षं मुद्रितं तपासली, हे वाक्य मीही कापलं असतं. पेव फुटतं ते मोजता येणाऱ्या गोष्टींचं, आणि त्यांचा वैताग आलेला असतो. स्टेशनबाहेर क्लासेसचं, नाक्यावर वाढदिवसाच्या फ्लेक्सचं. "आमच्या भागात वाचनालयांचं पेव फुटलंय" असं लिहिलंत, तर तुमचं वाचनालयांशी वाकडं आहे असंच वाटेल.
भाव नगाने वाढत नाही, वर चढतो. म्हणून तो कडाडतो, भडकतो. वधारतो म्हटलं की राग जातो. शेअरबाजाराच्या बातमीत तेच बरं. उतरला की गडगडतो. (कडाडते वीज, गडगडतो ढग, म्हणून कुणी जोडी लावतात. मला मात्र गडगडताना उतारावरून सुटलेला धोंडा दिसतो.) आणि अफवांना ऊत येतो, दुधासारखा.

सांगलीची, मुक्काम मुलुंड:
खरं पेव पाहिलंय का कुणी? सांगलीला लागून हरिपूर आहे, तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायचे. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, खाली पोट ऐसपैस. हळद भरून झाली की तोंड बंद. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही, कारण आत प्राणवायूच नसतो. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं. २००५ च्या पुरात पाणी शिरून पुष्कळ पेवं गेली.
त्यामुळे गंमत अशी, की तुम्ही पेव फुटलं म्हणता तेव्हा तुम्हाला काहीतरी वाढलेलं दिसतं. माझ्या आजीला भिजलेली हळद दिसायची.

बोरिवली स्लो:
हे सगळं काकूंना पाठवलं. तीन व्हॉइस मेसेज आले, वर दोन वाक्प्रचारांचे फोटो. शेवटी लिहिलंय, "आता ग्रुपवर मेसेजचं पेव फुटलंय म्हण. चालेल."