मदत हवी आहे: दुसऱ्यांचं दुःख माझ्यासोबत घरी येतं

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोथरूड-कर्वेनगर भागात घरोघरी जाऊन ज्येष्ठांचे व्यायाम घेते. बहुतेकांची मुलं परदेशात. गुडघ्याचा व्यायाम चालू असतो आणि आजी सांगत असतात, नातू फोनवर आता दोन वाक्यंही बोलत नाही. काही आजोबा तर गप्पच असतात, ते जास्त जड जातं. मी मनापासून ऐकते. पण संध्याकाळी स्वतःच्या लेकीशी बोलायचं त्राण उरत नाही, रात्री त्यांचीच वाक्यं कानात घुमतात.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलले. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, मोकळं वाटलं. समोरच्याची वेदना समजणं वेगळं आणि ती आपणच भोगणं वेगळं, हे पटलंय. जमत मात्र नाही. वेताळ टेकडीवर चालून येते, त्याने अंग सैल होतं, मन नाही.

नर्स, समुपदेशक, वृद्धांची सेवा करणारे कोणी आहात का? एका घरातून निघून दुसऱ्या घराची बेल वाजवेपर्यंत मधे थोडाच वेळ मिळतो, तोही स्कूटरवर. तेवढ्यात तुम्ही काय करता? काम सोड, असं कृपया सांगू नका, ही माणसं मला जवळची आहेत. आणि पुण्यात आमच्यासारख्यांचा नियमित भेटणारा एखादा गट आहे का?