शब्दचर्चा : घाणा

प्रश्न : तेलाचा घाणा, चकलीचा घाणा आणि लग्नात भरतात तो घाणा, हे एकाच शब्दाचे अर्थ आहेत की वेगळे शब्द? (उत्तरं देणाऱ्यांच्या गावांच्या नावाने दिली आहेत.)

तासगाव : शब्द एकच. आधी यंत्र, मग त्यात एका वेळी भरलेला माल. लाकडी तेलघाण्याच्या उखळात लाट, म्हणजे जाड लाकडी दांडा, फिरते. मावतील तेवढे शेंगदाणे भरायचे, तेल निघालं की पेंड काढायची आणि पुढचा घाणा लावायचा. अडीच किलो दाण्यांचं साधारण किलोभर तेल निघतं. ‘दोन घाणे झाले’ म्हणजे दोनदा भरून काढले.

कराड : गुऱ्हाळात मात्र हा दुसरा अर्थ चालत नाही. ऊस पिळतो तो घाणा किंवा चरक, पण काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, एका वेळी चढवलेला रस म्हणजे आधण. गूळ आधणावर मोजतात, घाण्यावर नाही.

सांगली : स्वयंपाकघरात घाणा म्हणजे कढईत एका वेळी सोडलेलं तळण. तो किती मोठा असावा, यावर सगळा पदार्थ ठरतो. कढई गच्च भरली की तेल एकदम निवतं, कवच लवकर धरत नाही आणि पदार्थ तेल पितो. म्हणून चकल्या एका थरात, उलटता येतील इतक्याच सोडाव्यात. बुडबुडे कमी झाले की घाणा काढावा आणि तेल पुन्हा तापू द्यावं. पहिल्या घाण्यात एकच चकली सोडून बघणं उत्तम. ती तेलात विरघळली तर मोहन जास्त झालंय. पिठी घालून पीठ पुन्हा मळावं. विरघळलेली चकली झाऱ्याने लगेच काढावी, नाहीतर तो चुरा करपून पुढचे सगळे घाणे काळे होतात.

वाई : लग्नातला घाणा ‘भरतात’, तळणातला ‘सोडतात’ किंवा ‘काढतात’. दोन मुसळं एकत्र बांधून त्यांना आंब्याची पानं लावतात आणि सवाष्णी ओव्या म्हणत उखळात हळकुंडं कांडतात. काही घरी गहू किंवा तांदूळ घेतात. तेलघाण्यासारखंच इथेही उखळ आहे, त्यामुळे अर्थाचा सांधा उघड दिसतो.

तासगाव : लिहिताना सामान्यरूप सांभाळा. घाणा–घाण्यात, घाण–घाणीत. चुना मळायची बैलाची ‘घाणी’ही ‘घाणीत’ अशीच चालते, म्हणून तिथे ‘चुन्याच्या घाणीत’ असं पूर्ण लिहावं. तेलाच्या पाटीवर ‘घाण्याचे तेल’ हेच बरं.